पाच रुपये बारा आणे

परवा राजवाड्यासमोर पोहे-जिलेबी खात असताना शेजारच्या दुकानात किशोरकुमारांचं ‘पाँच रुपैया बारह आना’ लागलं. १९५८च्या ‘चलती का नाम गाडी’तलं हे गाणं मजरूह सुलतानपुरींनी लिहिलं, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. पण इंदूरकर त्यावर आपलाच हक्क सांगतात. किशोरदा इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले. कॅन्टीनची नेमकी एवढीच उधारी थकली होती आणि तीच पुढे गाण्यात आली, असं गावभर सांगतात. (नवे पैसे १९५७लाच आले होते. आणे जायला लागले, उधारी मात्र गाजत राहिली!)

मत्तय ६:१२ शिकवताना आम्ही वर्गात हाच किस्सा सांगतो. लूक ‘पापे’ म्हणतो, मत्तय ‘ऋणे’. मुलांना ऋण लवकर कळतं, त्याला आकडा असतो. यंदा एका मुलीने विचारलं, “सर, तुमची आहे का कुणाची उधारी?”

आहे. कॉलेजात असताना राजवाड्यामागच्या एका चहावाल्या काकांकडे आमचं खातं होतं. परीक्षा संपली आणि आम्ही तो रस्ताच टाळू लागलो. त्यांनी कधी निरोप धाडला नाही. त्यांनी ऋण सोडलं, की आम्ही बुडवलं? वर्गात “आहे” एवढंच म्हणालो. रक्कमही आठवेना.

परवा पोहे संपवून त्या गल्लीत गेलो. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काकांचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. रविवारची मिस्सा त्यांच्यासाठी अर्पण करायला फादरांना सांगितलं आहे. चिठ्ठीवर नावाच्या जागी ‘राजवाड्यामागचे चहावाले काका’ असं लिहिलं.