भाता बदलायलाच हवा

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. बाळ यास,


आजोबांच्या ऑर्गनचा भाता बदलायचा म्हटल्यावर ‘मग त्यात जुनं राहिलं काय?’ असं तू विचारलंस. अरे, सूर राहतात. पितळी रीड शंभर वर्षं सहज टिकते. नासतं ते कापड, चामडं, फेल्ट. घडवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी सरस वापरला. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, लाकूड शाबूत राहतं. तूही सरसच वापर, फेव्हिकॉल नको. पुढे कुणालातरी हा भाता पुन्हा उघडावा लागणारच आहे.

आपली हातपेटी हवा ढकलते; हा पायाचा ऑर्गन हवा ओढतो. फळी दाबली की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची रीडमधून आत शिरते. भात्याला सुईएवढं भोक असलं तरी हवा तिथून घुसते, पोटऱ्या भरून येतात आणि खर्जातले सूर उशिरा बोलतात. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गन ऐक. तसा अखंड सूर गळक्या भात्यातून निघायचा नाही.

पियानोलाचंही, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोचंही, तसंच; तोही हवा ओढूनच चालतो. त्यात छिद्रांचा कागद गुंडाळीवरून पितळी पट्टीवर सरकतो. पट्टीला स्वरांची ८८ छिद्रं, प्रत्येकाला एकेक बारीक नळी. कागदातलं छिद्र जुळलं की नळीतून हवा जाते, झडप उघडते, चिमुकला भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. रबरी नळी वाळून तडकली की तो स्वर अडखळतो. दोन-चार बदलून भागत नाही. आज धड दिसणारी उद्या तडकते. म्हणून सगळ्या बदलायच्या, पण एक काढून तिथेच दुसरी बसवत, म्हणजे जागा चुकत नाहीत. ऑर्गनचं जुनं कापड-चामडंही आपण असंच बदलू.

भात्याला रबर चढवलेलं सुती कापड घे. रेक्झिन घडीवर ताठ राहतं. झडपांना मऊ मेंढीचं कातडं लागेल. चपलांचं चामडं इथे पावलापावलावर मिळतं, पण ते जाड, झडप नीट बसणार नाही.

शाहू महाराजांच्या पॅलेस थिएटरात नाटकं ऐकूनच आजोबांना ऑर्गनचं वेड लागलं. पुढे त्या थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. तेव्हापासून घरातला ऑर्गन मुका ठेवणं मला सोसवत नाही.

जुनं कापड टाकू नकोस, घड्यांची मापं त्यावरूनच घ्यायची आहेत. आणि रीडला कुणाला कानस लावू देऊ नकोस. ओढ कमी पडली की सूरही हलतो; आधी गळती थांबू दे, मग सुराचं बघू. सुट्टीत ये, सरस मी शिजवून ठेवतो.

तुझा,
मामा