डोळ्यांचा हिशेब, अडीच हजारांत

सायकल घेतली की खर्च संपला, असं ज्यांना वाटतं त्यांनी अजून सायकल घेतलेली नाही! आधी हेल्मेट, मग ग्लोव्हज, मग पुढचा दिवा, मागचा दिवा, पॅडवाली शॉर्ट (हिची किंमत घरी सांगायची नसते). एवढं सगळं झालं की सिंहगडच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर ग्रुपमधलं कुणीतरी तुमच्या तोंडाकडे बघून विचारतं, "अगं, आणि गॉगल?"

गॉगल म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, ब्रँडेडच घे, डोळ्यांचा प्रश्न आहे. हिच्या डोळ्यांवर दहा-पंधरा हजारांचं इंद्रधनुष्य चमकत असतं. दुसरी पार्टी म्हणते, एफसी रोडवर दीडशेला मिळतो, डिट्टो तसाच! १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन ग्रेग लेमाँड अर्ध्या चेहऱ्याएवढा गॉगल लावून सायकल चालवायचा. तेव्हापासून सायकलवाल्यांचा गॉगल हे स्टाइल स्टेटमेंट झालंय, आणि स्टाइल आली की किंमत आपोआप मागून येतेच.

मी या दोन पार्ट्यांच्या मधे उभी. फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे लेख या महिन्यात आणि चेक पुढच्या की त्याच्या पुढच्या, हे देवालाच ठाऊक. त्यात उजव्या डोळ्याला उणे साडेतीन आणि डाव्याला उणे चार नंबर. म्हणजे दीडशेचा गॉगल लावला तर समोरचा खड्डा दिसणार नाही आणि पंधरा हजारांचा लावला तर पुढचे तीन महिने जेवण दिसणार नाही. बजेट ठरवलं, अडीच हजार. त्याच्या वर एक रुपया नाही.

पण गॉगल खरंच लागतो का? रोजच्या चष्म्यावर भागत नाही? शहरात सिग्नल ते सिग्नल जाताना भागतं एक वेळ. पण कात्रजचा उतार लागला की सायकल सहज चाळीसच्या वेगाने पळते. त्या वेगात समोरून येणारं चिलट, वाळूचा कण, डंपरच्या टायरखालून उडालेली खडी, सगळं डोळ्याच्याच पत्त्यावर येतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राच्या डोळ्यात असाच कण गेला. चोळून चोळून त्याने तो आणखी आत रुतवला. शेवटी डॉक्टरांनी भूल देणारे थेंब टाकून काढला. दोन दिवस लॅपटॉप बंद. तो आयटीत आहे, त्याला सिक लीव्ह मिळाली. मला कोण देणार?

आणि आमच्या घरात डोळ्याचा विषय तसा साधा नाही.

बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर काम करायचे. मी तिसरीत असताना त्यांच्या डाव्या डोळ्यात लोखंडाची ठिणगी गेली. कण निघाला, जखम भरली, पण बुबुळावर डाग राहिला तो राहिलाच. आजही ते पेपर वाचताना मान किंचित वळवतात, उजवा डोळा पुढे करतात. आम्हाला ती सवय इतकी ओळखीची झालीय की घरात कुणाला ती दिसतच नाही.

मी गॉगल शोधतेय हे कळल्यावर बाबांनी पहिल्यांदाच सगळं नीट सांगितलं. मला वाटायचं, कंपनीने गॉगल दिलेच नसतील. "दिले होते की," बाबा म्हणाले. "चांगले जाड होते. पण दहा मिनिटांत आतून वाफ धरायची. काही दिसायचं नाही. मग काढून खिळ्याला अडकवायचे सगळेच. त्या दिवशीही गॉगल खिळ्यालाच होता." जरा थांबून म्हणाले, "महाग बघू नकोस, स्वस्त बघू नकोस. डोळ्यावर राहील असा बघ."

मी खूप ठिकाणी वाचलं, खूप जणांना विचारलं. पण या एका वाक्याने माझी सगळी शॉपिंग लिस्ट बदलली.

सर्वात आधी मटेरियल. काच सायकलवर नकोच. फुटली तर तुकडे डोळ्यातच. चष्म्याच्या दुकानात मिळणारी साधी प्लास्टिकची लेन्स बहुतेक वेळा सीआर-३९ नावाच्या रेझिनची असते. बघायला छान, पण जोराच्या आघाताला तिचा तुकडा पडू शकतो. सायकलसाठी शब्द एकच लक्षात ठेवा : पॉलिकार्बोनेट. हे प्लास्टिक सहसा फुटत नाही, वजनाला हलकं असतं आणि मुख्य म्हणजे ऊन्हातली अतिनील किरणं स्वतःच जवळजवळ पूर्ण अडवतं. रंग नसला तरी! इथेच आपला मोठा घोळ असतो. काळी काच म्हणजे डोळ्याचं रक्षण, असं आपण धरून चालतो. पण काळेपणा उजेड कमी करतो, अतिनील किरणं अडवणं हे वेगळं काम आहे. ते काम न करणारा काळा गॉगल उलट वाईट, कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नको ते किरण जास्त आत घेते. म्हणून "यूव्ही ४००" हवं. अर्थात फुटपाथवरच्या गॉगलवर ते स्टिकरही दीडशेतच येतं. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे हे तपासायचं छोटं मशीन असतं. गॉगल घेऊन जा आणि विचारा. एका मिनिटाचं काम.

मग मी गेले रविवार पेठेत. बोहरी आळी म्हणजे नट-बोल्टपासून साखळदंडापर्यंत सगळं मिळणारा आपला ओरिजिनल मॉल! तिथे सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात हेल्मेट, गमबूट आणि हातमोज्यांच्या ढिगाशेजारी माझा खजिना टांगलेला होता. कारखान्यात वापरायचे पॉलिकार्बोनेटचे सेफ्टी गॉगल. यांच्या दांडीवर किंवा काचेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती वाचायला शिका. "झेड ८७ प्लस" म्हणजे अमेरिकन मानकाची जोराच्या आघाताची परीक्षा पास. भारतीय मानक आहे आयएस ५९८३. युरोपातल्या ईएन १६६ या जुन्या मानकाचे गॉगलही दुकानांत दिसतात. त्यावर "एफ" हे अक्षर असेल तर सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून तो तपासलेला असतो. ताशी १६२ किलोमीटर झाले हे! कात्रजच्या चिलटाला यापेक्षा जास्त काय जमणार?

आता माझ्यासारख्या चष्मिष्ट मंडळींचा प्रश्न. आपल्यापुढे रस्ते तीन-चार. कॉन्टॅक्ट लेन्स लावून वर बिननंबरचा गॉगल घालायचा. सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत, पण वाऱ्याने लेन्स कोरडी पडते, आणि माझे डोळे पहाटे साडेपाचला लेन्स स्वीकारत नाहीत. दुसरा रस्ता, गॉगलच्या आत बसणारी नंबरची छोटी फ्रेम. चालतं, पण काचा दोन झाल्या की वाफही दुप्पट, आणि बाबांचा खिळा आठवतो. तिसरा, चेहऱ्याभोवती वळलेल्या स्पोर्ट्स फ्रेममध्येच नंबर बसवायचा. दिसतं एकदम प्रो. पण नंबर जास्त असेल तर त्या वळणामुळे कडेचं सगळं वाकडं दिसतं. लक्ष्मी रोडवरच्या माझ्या चष्मेवाल्या काकांनी मला सरळ सांगितलं, "तुझ्या नंबरला नको. पैसे मी घेईन, चक्कर तुला येईल."

त्यांनी सुचवलेला चौथा रस्ता मी घेतला. कमी वळणाची, हलकी, खालून उघडी असलेली हाफ-रिम फ्रेम आणि त्यात नंबरच्या पॉलिकार्बोनेट लेन्स, ओरखडे कमी पडावेत म्हणून वर हार्ड कोटिंग. फ्रेम सातशे, लेन्स पंधराशे. एकूण बावीसशे. या काचा पूर्ण पारदर्शक आहेत, त्यामुळे पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी बिनधास्त चालतात. परतताना नऊचं ऊन लागतं, तेव्हा बॅगेतून निघतो बोहरी आळीतला गडद सेफ्टी गॉगल, चष्म्यावरून घालता येणारा. दोनशे ऐंशी रुपये. बेरीज दोन हजार चारशे ऐंशी. वीस रुपये उरले, त्याचा चहा प्यायले!

(तो दोनशे ऐंशीचा गॉगल घातल्यावर मी रजेवर आलेल्या वेल्डरसारखी दिसते. ग्रुपचं यावर एकमत आहे.)

घेताना काय बघायचं? हेल्मेट सोबत घेऊन जा, हा पहिला नियम. दांड्या हेल्मेटला टेकतात का, हे दुकानातच कळतं. पापण्या काचेला लागायला नकोत. मान जोरात हलवा, गॉगल नाकावरून घसरायला नको. मग खाली वाका, सायकलवर वाकतो तसं, आणि समोर बघा. त्या स्थितीत आपण काचेच्या वरच्या कडेतून बघत असतो, त्यामुळे वरची फ्रेम जाड असेल तर नेमका रस्ताच झाकला जातो. (दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.) खांद्यावरून मागेही वळून बघा, मागची पीएमटी दिसली पाहिजे. हो, पीएमपीएमएल, पण पुणेकराच्या तोंडात अजून पीएमटीच!

आणि वाफ. सिंहगडच्या चढावर वेग सात-आठ, घाम बादलीभर. तिथे काच आणि गालामधून हवा खेळली नाही तर धुकं ठरलेलं. काचेला वर-खाली फटी असलेले किंवा चेहऱ्यापासून किंचित सुटे राहणारे गॉगल घ्या. पूर्ण बंद, घट्ट बसणारे गॉगल ग्राइंडरवर ठीक, घाटात नाहीत.

रंगाचं म्हणाल तर दुकानदार तुम्हाला पिवळी काच हमखास देऊ करेल, "नाइट व्हिजन" म्हणून. पावसाळी ढगाळ सकाळी ती छान वाटते. पण रात्री नको. २०१९ मध्ये अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर झालेल्या अभ्यासात पिवळ्या काचेने रस्त्यावरचा माणूस ओळखायला काहीच मदत झाली नव्हती. रंगीत काच कुठलीही असो, ती उजेड कमीच करते. गडद काचांवर शून्य ते चार असा कॅटेगरीचा आकडा असतो. कॅटेगरी तीन आठ ते अठरा टक्के उजेड आत सोडते, आपल्या उन्हाला ती पुरते. चार नंबरची रस्त्यावर वापरायचीच नाही, ती बर्फाळ डोंगरांसाठी. पोलराइज्ड काच चकाकी मारते खरी, पण ओल्या डांबरावरची किंवा सांडलेल्या तेलाची चमकही लपवते, आणि सायकलच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन कधीकधी काळा दिसतो. त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज मला तरी वाटली नाही.

मग महागवाले मूर्ख का? अजिबात नाही. नाकाचं न घसरणारं रबर, नेमकी वाऱ्याची सोय, बदलता येणाऱ्या काचा, तासन्‌तास न टोचणारं वजन, हे सगळं त्या पैशांत मिळतं. दोनशे किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत पुरी करायची असते, तिथे या गोष्टींची किंमत कळते. पण खडी अडवण्याचं मूळ काम दोनशे ऐंशीतही होतं.

एक मात्र सांभाळा. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे पटकन पडतात. टी-शर्टला पुसायचं नाही. आधी नळाखाली धुळीचे कण वाहून जाऊ द्या, मग मऊ कापड. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर वगैरे तर जवळही नको, तडे जातात.

गेल्या रविवारी बाबांनी माझा तो वेल्डर गॉगल हातात घेतला. उजेडात धरला, कोरलेली अक्षरं उजव्या डोळ्याजवळ नेऊन वाचली, स्वतःच्या चष्म्यावरून घालून आरशात बघितलं. आतून तोंडाची वाफ मारून ती किती वेळात जाते तेही तपासलं. "बरा आहे," म्हणाले. आमच्या घरात याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं.

आता ते स्वतःसाठी एक मागतायत, बागेतलं गवत कापताना लागतो म्हणून. बजेट? म्हणाले, "माझ्या पेन्शनमधून घे, पण दोन आण. एक बिघडला तर खिळ्याला काय लावू?"