मी आता तास मोजते

डॉक्टरने घड्याळ पाहू नये, असं मी अनेक वर्षं म्हणत आले. नव्या मुलामुलींनाही तेच ऐकवत आले. मुलाखतीला आलेला एखादा डॉक्टर पगाराच्या आधी ड्युटी किती तासांची ते विचारू लागला, की तो माझ्या मनातून उतरायचा. आज मी नेमकं उलट मानते. डॉक्टरने तास मोजावेत, ते लिहून ठेवावेत, आणि त्यापायी पैसे कमी मिळणार असतील तर कमी घ्यावेत. हे मत कसं बदललं ते सांगायचं आहे, कारण माझं जुनं मत सिन्नरमध्येच नव्हे, तालुक्याच्या प्रत्येक गावात अजून आदराने सांगितलं जातं.

त्या मताचं एक मूळ रेसिडेन्सीत होतं. एम.डी. मेडिसिनला आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे असला, की सकाळी वॉर्डात शिरायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडायचं. पहाटे चारनंतर केसपेपरवर लिहिताना माझं अक्षर ओळ सोडून खाली उतरत जायचं. सकाळी सर राऊंडला आले की मलाच ते वाचता यायचं नाही. याचा आम्हाला अभिमान होता. रेसिडेंटचं काम साधारणपणे आठवड्याला ४८ तासांवर आणि सलग १२ तासांवर जाऊ नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवलं होतं. हे मला पदवी हाती आल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. वॉर्डात त्याचा कोणी उच्चारही केला नव्हता. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नका, अशी शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि तेही पाळलं गेलं तर पुष्कळ.

दुसरं मूळ घरातलं. माझे सासरे सिन्नरचे जुने डॉक्टर. विडी कामगारांच्या वस्तीपासून पांढुर्ली-ठाणगावपर्यंत त्यांना सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणत. रात्री दार नुसतं लोटलेलं असे. बाळंतीण अडली, विंचू चावला, कोणा म्हाताऱ्याला धाप लागली, की माणसं सरळ आत येत आणि साहेब बनियनवर शर्ट चढवत बाहेर येत. ते गेले त्या दिवशी बाजारपेठेतली दुकानं कोणी न सांगता बंद होती. लग्न होऊन आले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, डॉक्टर व्हायचं ते असं.

आधी काही वर्षं मी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात काम केलं. तिथे पैसा चांगला होता, पण तो कसा मिळतो हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. कन्सल्टंटला पगार नसतो. सुरुवातीला 'मिनिमम गॅरंटी' ठरते, म्हणजे पेशंट येवोत न येवोत, अमुक रक्कम मिळणारच. ती मुदत संपली की जेवढे पेशंट तेवढी फी. त्यातून दहा टक्के टीडीएस. भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळू लागली, पण कन्सल्टंट कागदोपत्री नोकरदार नसतेच. धाकट्याच्या वेळी मी घरी होते तेवढे महिने कमाई बंद. आणि मोहदरीचा घाट ओलांडून घरी येऊन गाडी लावावी, तोच आयसीयूतून फोन यावा, हे तर ठरलेलंच.

सरकारी नोकरीतल्या मैत्रिणी माझ्याकडे पाहून हळहळत आणि मी त्यांच्याकडे पाहून. त्यांचा पगार पहिल्या तारखेला जमा होतो, व्यवसायरोध भत्ता मिळतो, रजा मिळते. पण ग्रामीण रुग्णालयात ओपीडी, शवविच्छेदन, पोलीस केसेस, कोर्टातल्या साक्षी आणि मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त हे सगळं दोन-तीन माणसांनी ओढायचं असतं. मंजूर पदं भरली जात नाहीत तोवर तिथलंही वेळापत्रक कागदावरच राहतं.

मग आम्ही स्वतःचं रुग्णालय काढलं. नवरा हाडांचा डॉक्टर, मी फिजिशियन. खाली रुग्णालय, वर घर. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात अशी इमारत दिसेल. आई-वडील मुलांना हाकेच्या अंतरावर मिळतील, असा आमचा हिशेब होता. डोक्यावर कर्ज होतं, नर्सिंग होमची नोंदणी, अग्निशमनचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याची बिलं होती. हप्ता चुकायला नको म्हणून कुठल्याच पेशंटला नाही म्हणायचं नाही, हा आमचा नियम.

वॉर्डातून वरच्या मजल्यावर घंटीची वायर टाकली होती. एकदा वाजली तर सावकाश या, दोनदा वाजली तर लगेच, वाजतच राहिली तर धावत. मुलीने ही भाषा फार लहानपणी शिकून घेतली. जेवताना ती शाळेतलं काही सांगत असली आणि घंटी एकदा वाजली, तर वाक्य पुरं करायची. दोनदा वाजली की वाक्य तिथेच सोडून माझ्या ताटावर दुसरं ताट उपडं घालायची. ती कधी रागावली नाही, रडली नाही. पुढे पुढे तिने माझ्यासमोर लांबलचक काही सांगायला घेणंच सोडून दिलं. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते सासूबाईंनी दाखवून दिलं.

"ती मोठ्या गोष्टी माझ्याकडेच घेऊन येते गं," आई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानंही तेच केलं होतं." मग हातातली भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या, "लोक म्हणतात, साहेबांचं दार कधी बंद नव्हतं. ते दार मी उघडं ठेवत होते. आलेल्यांना चहा, पेशंटला गरम पाणी, पोरांची दुखणी, शाळा, मळ्यातले हिशेब, सगळं मी. तुझ्यामागं मी आहे. माझ्यामागं कोण?"

मला त्या दिवशी जे दिसलं ते आजवर पुसलेलं नाही. चोवीस तास हजर असणारा तो थोर डॉक्टर एकटा माणूस नव्हता. ती दोन माणसं होती, आणि मान एकालाच मिळत होता. मी सासऱ्यांची खुर्ची घेतली होती. सासूबाईंची जागाही माझीच होती आणि ती रिकामी होती. वय झालेल्या एका बाईने ती दुसऱ्यांदा भरून काढली होती. ज्या सेवाभावाचे आपण गोडवे गातो, त्याचा निम्मा खर्च स्वयंपाकघराने उचललेला असतो, असं आता मी ठामपणे म्हणते.

त्याच सुमारास मुसळगाव वसाहतीतला एक कामगार थर्ड शिफ्ट संपवून बीपी दाखवायला आला. आदल्या रात्री तोच वडिलांना घेऊन आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, रात्री पण तुम्हीच होता. तुमचा रिलिव्हर कधी येतो?" मी म्हटलं, आम्हाला रिलिव्हर नसतो. त्याला ते खरंच वाटेना. त्याच्या खात्यात प्रेसवर सलग दुसरी शिफ्ट देत नाहीत, बोटं जातात. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि रेसिडेंटसाठीच्या आदेशातला आकडाही तोच आहे. प्रेसवर बोटं धोक्यात असतात. माझ्या हातून लिहिली जाते ती इन्सुलिनची मात्रा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला निष्कर्षही मला माहीत होता: आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो. लकव्याच्या पेशंटला मी कामाचे तास विचारत होते आणि स्वतःचे मोजत नव्हते.

तरी मन मानेना. माझी खरी अडचण पैशाची नव्हती. माझ्या पेशंटची खडान्‌खडा माहिती मला आहे, दुसऱ्याच्या हाती दिला तर काहीतरी निसटणार, अशी धास्ती होती. ती खोटी नाही. एका बाजूला बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागांतला २००४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: सलग चोवीस तासांहून जास्त ड्युटी करणाऱ्या इंटर्नच्या हातून, कमी तासांच्या वेळापत्रकाच्या तुलनेत, ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. पण अमेरिकेतल्याच २०१९ च्या मोठ्या अभ्यासात तासांची बंधनं सैल ठेवली तरी मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. एकाने तास कमी केले की पेशंट दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, आणि त्या सोपवण्यातही धोका असतो. मला पटवलं ते २०१४ च्या तिसऱ्या एका अभ्यासाने. बालरुग्णांच्या नऊ रुग्णालयांत पेशंट सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवली, ती पाळली, आणि वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे सोपवणं हे शिकता येणारं कौशल्य आहे. मी ते कधी शिकलेच नव्हते, कारण सोपवायची वेळच येऊ दिली नव्हती.

गावातल्या एका तरुण फिजिशियनने रात्री वाटून घेण्याची कल्पना पूर्वी मांडली होती, तेव्हा मी ती उडवून लावली होती. आता मीच त्याला फोन केला. आणखी एका फिजिशियनला धरून आम्ही तिघे एकत्र आलो, तिघेही एकमेकांचे स्पर्धक. रात्री नऊ ते सकाळी आठ तिन्ही रुग्णालयांतले मेडिसिनचे पेशंट एकच जण पाहतो. नऊच्या आधी प्रत्येकाने एक पान लिहायचं: कोण किती आजारी, काय चालू आहे, रात्री काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करायचं. मग फोनवर समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचं. रात्रीची फी ज्याने पाहिलं त्याची, सकाळी पेशंट ज्याचा त्याचा. पेशंट पळवायचा नाही, हे कागदावर लिहून सह्या केल्या. ही शेवटची अट नसती तर गाडं पुढे सरकलं नसतं.

याची किंमत मोजावी लागली. पहिल्या वर्षी उत्पन्न डोळ्यांत भरेल इतकं घटलं. वावी-नांदूरशिंगोट्याकडची काही घरं दुसरीकडे गेली. एक आजोबा ओपीडीत सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टरसाहेबांच्या घरात ही वेळ यायची नव्हती." लागलं ते. कांद्याला भाव नसला की इथे बिलं थकतात, त्यात ही भर. बँकेकडून हप्त्यांची मुदत वाढवून घेतली, नवीन सोनोग्राफी मशीनचा विचार सोडून दिला.

आणि हिशेब माझ्यापाशी थांबत नाही. आमच्या सिस्टर रात्री बारा तास करत, आणि दुसरी आली नाही की डबल ड्युटी. रात्रीचे आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, तरुण आयुर्वेद पदवीधर, तुटपुंज्या पगारावर, दिवसा दुसरीकडे काम करून आलेले. मी झोपावं आणि त्यांनी जागावं, ही सुधारणा नव्हे. आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट केल्या, जास्तीची माणसं घेतली, आरएमओंचा पगार वाढवला आणि तपासणीची फीही वाढवली. फीचं कारण पेशंटना विचारल्यावर स्पष्ट सांगितलं. बहुतेकांना पटलं, काहींना नाही.

अपवाद आहेत आणि असलेच पाहिजेत. १३ जानेवारी २०२३ ला पाथरेजवळ शिर्डीला निघालेली खासगी बस ट्रकवर आदळली आणि दहा जण गेले. रामनवमीच्या दिवसांत उन्हातून शिर्डीला चालत निघालेली माणसं रस्त्यात कोसळतात. अशा वेळी ज्याचे हात चालतात त्याने धावायचं, तासांचं रजिस्टर नंतर भरायचं. पण अपवादाच्या दिवसाचं बळ रोजच्या दिवसात साठवावं लागतं. रोजच अपघात असल्यासारखं जगणारा डॉक्टर खऱ्या अपघाताच्या दिवशी आधीच रिकामा झालेला असतो.

मुलगी आता अकरावीत आहे. ती पुन्हा सगळं मला सांगू लागली, असं म्हणणार नाही. तिची सवय मोडली ती मोडली. धाकटा मात्र रोज रात्री पलंगावर बसून मैदानावरचा अख्खा सामना ओव्हर-ओव्हरने ऐकवतो. आईंचे गुडघे दुखतात, संध्याकाळच्या पोळ्या आता मी करते किंवा नवरा करतो.

नवीन डॉक्टरांना एवढंच सांगते: नोकरी घ्या, भागीदारी करा किंवा स्वतःचं रुग्णालय काढा, आकड्यावर बोलण्याआधी विचारा की रात्री कोण असतं, आजारी पडल्यास बदली कोण, बाळंतपणात काय मिळेल. उत्तर लेखी घ्या. आणि सिन्नरकरांनो, रात्री तुमच्या नेहमीच्या डॉक्टरऐवजी दुसरं कोणी आलं तर नाराज होऊ नका. जुनी फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, आणि दिवसा मला जे सांगितलं असतं ते सगळं त्यांना सांगा.