नातवाचा फॉर्म

आपल्यापैकी पुष्कळांप्रमाणे मीही माझगावच्या सर एली कदुरी शाळेची. १९७५ साली एस.एस.सी. झाले. त्यापूर्वी थोरल्या भावासाठी माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.चा डिप्लोमाचा फॉर्म मीच भरला होता, कारण माझे अक्षर चांगले. गणितात गुण मात्र मला अधिक. तसला फॉर्म माझ्यासाठीही असू शकतो, हे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. मी नर्स झाले.

पन्नास वर्षांनी तसाच फॉर्म पुन्हा समोर आला, तो रेडमंडला लेकीच्या घरी. सिएटलजवळच्या या गावी १९८६ साली मायक्रोसॉफ्टने बिऱ्हाड थाटले. तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षातला माझा नातू कॉम्प्युटर सायन्सच घेणार, असे जावयांनी धरून ठेवले होते.

येथील रीत वेगळी. वॉशिंग्टन विद्यापीठात शाळेतले सर्व गुण पाहतात, शिवाय साडेसहाशे शब्दांपर्यंत निबंध मागतात. कॉम्प्युटर सायन्स हवे तर अर्जातच लिहावे लागते. मागून तिकडे शिरणे फार कठीण. इंजिनियरिंगच्या इतर बहुतेक मुलांना आधी कॉलेजात घेतात आणि शाखा पहिल्या वर्षानंतर देतात. कोणती ना कोणती शाखा नक्की मिळते, पण मनातलीच मिळेल असे नाही.

एके रात्री जेवण झाल्यावर मी त्याला विचारले, “बाळा, तुला काय हवे?”

“पप्पा म्हणतात...”

“पप्पांचे राहू दे. तुझे सांग.”

“आजी, मला बायोइंजिनियरिंग करायचे आहे. माणसाच्या उपयोगी पडेल अशी वस्तू बनवायची आहे.”

जावई म्हणाले, “आई, वर्षानंतर भलतीच शाखा गळ्यात पडली तर?”

त्यांची भीती खोटी नव्हती. मग मी माझी गोष्ट सांगितली. किडनीचा वॉर्ड मी मागून घेतला नव्हता. मला तेथे धाडले, आणि वीस वर्षे मी तेथे मनापासून रमले. जुन्या काळी डायलिसिस थोड्याच वेळा करता येई, कारण दर खेपेला नवी रक्तवाहिनी कापावी लागे. १९६० साली याच वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर आणि उपकरणे बनवणारे वेन क्विंटन यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची वाकडी नळी केली. तेव्हापासून असे रोगी वर्षानुवर्षे जगू लागले. “डॉक्टरांना नळी हवी होती,” मी म्हणाले, “पण ती बनवणारा माणूसही लागलाच ना?”

जावई बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही तुला हवे ते.”

अर्जाची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. दोन दिवस आधीच त्याने अर्ज धाडला. निबंधात काय लिहिले ते मी विचारले नाही. निकाल मार्चमध्ये लागेल. तो काय लागेल, ते देव जाणे.

वाचक बंधुभगिनींनो, आपली मुले हुशार आहेत. फॉर्म भरताना नियम नीट वाचा, फीचा हिशेब करा, चार जाणत्यांना विचारा. पण त्याआधी मुलाला विचारा, आणि मुलीलाही. न मागता मिळालेले काम माणसाला आवडू लागते, हे मी अनुभवाने सांगते. पण आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही रुखरुख पन्नास वर्षांनीही जात नाही.