रेघेखालची माणसं

क्षयरोगाच्या शिबिरात हल्ली छातीचा फोटो काढला की डॉक्टरांच्या आधी एक आकडा येतो. फोटो काढायचं यंत्र जाडजूड कॅमेऱ्याएवढं. शाळेच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, वीटभट्टीवर, कुठेही नेता येतं. माणूस उभा राहतो, श्वास रोखतो, आणि बाजूला होऊन चपला घालेपर्यंत लॅपटॉपच्या पडद्यावर त्याच्या फुप्फुसाचा एखादा कोपरा रंगलेला दिसतो, शेजारी शून्य ते शंभरमधला आकडा. आकडा मोठा तर संशय मोठा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या पद्धतीला मान्यता दिली. पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांचे फोटो वाचायला तज्ज्ञ नसेल तर ते काम सॉफ्टवेअरवर सोपवायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत ही हातात धरायची यंत्रं खेड्यापाड्यांतही पोचली.

दवाखान्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जी चर्चा चालते ती बहुतेक एकाच अंगाने जाते: डॉक्टर राहतील की जातील? जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगून टाकलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. पुढे २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत, मान वर करायला फुरसत नाही इतक्या कामात. मला हा वाद कंटाळवाणा वाटतो. ज्या तालुक्यात रेडिओलॉजिस्ट कधी आलाच नाही, तिथून तो जाणार कसा?

मला कुतूहल आहे ते आकड्याच्या पुढच्या पायरीचं. समजा ४७ आला. मग काय करायचं? यंत्र गप्प असतं. 'याला क्षय आहे, याला नाही' असं ते म्हणतच नाही. कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा खोलीत बसून आधीच ठरवलेलं असतं की पन्नासच्या वरच्यांचा बेडका तपासायचा आणि खालच्यांना घरी पाठवायचं. दहावीला ३५ ला पास आणि ३४ ला नापास, तसंच हे. त्या एका मार्कात मुलाच्या अकलेचा काही फरक नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ३५ कुणी ठरवले हे आपण आयुष्यात कधी विचारत नाही.

ही रेघ तिसावर ओढली तर बहुतेक सगळे रोगी जाळ्यात येतात, पण त्यांच्याबरोबर ढीगभर निरोगी माणसंही येतात. जुना न्यूमोनियाचा व्रण असलेली, आयुष्यभर चुलीचा धूर घेतलेली, विडी ओढणारी. त्या प्रत्येकाचा बेडका तपासायचा म्हणजे एकेक चिप खर्ची पडते. गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट नावाचं यंत्र यासाठी वापरतात. बॅटरीवर चालतं, बेडक्यातल्या जंतूचा जनुकीय माग तासाभरात लावतं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते उचलून धरलं. फार कामाची वस्तू. पण चिपला पैसे पडतात आणि तपासणाऱ्या माणसाला दिवसाचे तासही मोजकेच असतात. म्हणून मग रेघ साठावर न्यावीशी वाटते. चिपा वाचतात. आणि रेघेखाली राहिलेल्यांपैकी काही जण आपला खोकला घेऊन एसटीत जाऊन बसतात.

म्हणजे रेघ कुठे असावी हे फुप्फुसापेक्षा कपाटातल्या चिपांवर जास्त ठरतं. यात कुणाची लबाडी नाही. प्रत्येक ठिकाणाने आपल्याकडची माणसं, रोगाचं प्रमाण आणि पैसा बघून आपली रेघ ठरवावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. भानगड अशी की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुना पन्नास आणि नवा पन्नास सारखे राहत नाहीत, एका कंपनीचा पन्नास दुसरीच्या पन्नासाशी जुळत नाही, आणि पडद्यावर मात्र आकडा तसाच ठाम, काळ्या अक्षरांत.

याचा अर्थ जुनी पद्धत बरी होती असा कुणी काढू नये. जुनी रेघ कोणती होती? दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर या. भारतात २०१९ ते २०२१ या काळात क्षयाची देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात जे रोगी प्रयोगशाळेत पक्के ठरले, त्यांतले ४२.६ टक्के केवळ लक्षणं विचारून थांबलं असतं तर सुटले असते. छातीचा फोटो काढला म्हणून ते सापडले. आणि ज्यांना लक्षणं होती त्यांच्यातले सुमारे ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. खोकला आहे, जाईल. धूळ आहे, हवा बदलली आहे, विडी कमी करायला हवी. आपल्या घराघरांत चालणारं हे निदान. एवढ्या लोकांचे फोटो काढले तर ते वाचणार कोण, या प्रश्नाला आजवर उत्तर नव्हतं. आज आहे, आणि मला ते उत्तर मोलाचं वाटतं.

तरीही मला आमचे लालबागचे डॉक्टर आठवतात. गोष्ट गिरणी संपाच्या बरीच आधीची. माझे मोठे काका परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. फाल्गुन लागला होता आणि काकांना खोकला होता. ताप नाही, रक्त नाही, वजनही फारसं उतरलेलं नाही. एरवी अशा माणसाला डॉक्टर चार दिवसांचं मिक्श्चर द्यायचे, 'आठ दिवसांनी दाखवा' म्हणायचे. काकांना त्यांनी विचारलं, "शिमग्याला गावी जाणार ना?" काका म्हणाले, पालखी आहे, न जाऊन कसं चालेल. "मग फोटो आजच काढून आणा," डॉक्टर म्हणाले. कोकणात गेलेला गिरणीवाला आठ दिवसांनी परत येत नसतो. तो पंचमी करून, घराची कौलं चाळून, जमलं तर आंबे उतरवून येतो. संध्याकाळी काकांनी आणलेला फोटो डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या डाव्या बाजूला डाग होता. पुढे दीड वर्ष औषध चाललं, सुरुवातीला रोजची इंजेक्शनं. काका बरे झाले आणि पुढे संपात नोकरी जाईपर्यंत साच्यावर राहिले.

डॉक्टरांनी तेव्हा काय केलं? त्यांनी रेघ खाली घेतली. रोग जास्त दिसत होता म्हणून नव्हे, माणूस हातातून निसटणार होता म्हणून. काकांच्या फुप्फुसाच्या फोटोत शिमगा कुठेच नव्हता. तो डॉक्टरांच्या माहितीत होता, कारण चाळीतल्या प्रत्येक घराचं गाव कुठलं, तिथली पालखी कधी, कुणाचा नवरा पगाराच्या दिवशी कुठे जातो, हे त्यांना पाठ होतं.

इथवर येऊन हात जोडून गप्प बसलो तर गोष्ट गोड होते. पण याच डॉक्टरांनी काकूचा थकवा कितीतरी महिने टॉनिकवर काढला. सुजलेला चेहरा, गळणारे केस, भर उन्हाळ्यात अंगावर चादर. 'बायकांना असतं असं, घरची दगदग,' एवढंच ते म्हणायचे. थायरॉइड होतं, ते दुसऱ्याच कुणीतरी शोधलं. तिच्यासाठी डॉक्टरांची रेघ फार वर होती, आणि तीही त्यांच्या माहितीतूनच आलेली, बायकांविषयीच्या. माणसाची रेघ हलते हा तिचा गुण आणि हाच तिचा दोष. यंत्राने काकूला काकांच्याच मापाने मोजलं असतं असं मला वाटायचं.

वाटायचं, कारण पुढे अमेरिकेतला एक अभ्यास वाचनात आला. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिकडच्या दवाखान्यांत एक सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जात होतं. कुठल्या रोग्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कुणाला खास नर्स लावायची, हे ते सुचवायचं. त्याला वर्ण सांगितलेलाच नव्हता. तरी सारख्याच आजारी असलेल्या काळ्या आणि गोऱ्या माणसांत ते गोऱ्याला पुढे काढत होतं. कारण शोधलं तर साधं निघालं. आजार मोजणं अवघड, म्हणून यंत्राला शिकवलं होतं की पुढे ज्याच्यावर जास्त खर्च होईल तो जास्त आजारी. आणि काळ्या माणसांवर तिथे मुळात कमी खर्च होत आला होता. अभ्यासकांनी हिशोब मांडला की ही चूक काढली तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रोग्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. आमच्या काकूच्या औषधांवर त्या काळात झालेला खर्च म्हणजे टॉनिकच्या बाटल्या. त्या यंत्राने तिला ठणठणीत ठरवलं असतं.

थायलंडमधला प्रकार वेगळा. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा बिघडतो, तो फोटोवरून ओळखणारी गूगलची प्रणाली तिथल्या अकरा सरकारी दवाखान्यांत लावली होती. हीच विद्या आधी आपल्या मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या फोटोंवरही पारखून घेतलेली, कागदावर उत्तम. तिथे गेल्यावर दिसलं की नर्सबाई ज्या खोलीत फोटो काढतात तिथे पुरेसा अंधार नाही, रांग मोठी, इंटरनेट धिमं. यंत्राने पाचातला एक फोटो 'वाचण्यालायक नाही' म्हणून परत केला. आणि फोटो परत आला की नियम असा की रोग्याने लांबच्या तज्ज्ञाकडे जायचं. डोळ्यात दोष नसला तरी रोजगार बुडवून जायचं. काही नर्सबाई मग रोग्यांना आपणच सांगू लागल्या, या भानगडीत पडू नका. रोगाची रेघ सगळ्यांनी घासूनपुसून पाहिली होती; फोटो चांगला कधी म्हणायचा, ही दुसरी रेघ कुणी बघितलीच नव्हती, आणि ती ओढताना त्या खोलीतल्या ट्यूबलाइटला कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईतलं एक काम मात्र मला मनापासून आवडतं, कारण तिथे रेघ लपवलेली नाही. 'आरमान' ही डॉ. अपर्णा हेगडे यांची संस्था २००८ पासून गरोदर आणि नव्या आयांसाठी काम करते. त्यांच्या 'एममित्र' सेवेतून बाईच्या फोनवर तिच्या भाषेत, तिच्या महिन्याला साजेसा आवाजी निरोप येतो. लोह घे, लस राहिली का, पाय सुजलेत का. अडचण अशी की महिने जातात तसतशा कित्येक जणी फोन ऐकणं सोडतात. प्रत्येकीला माणसाने फोन करून विचारावं तर तेवढी माणसं संस्थेकडे नाहीत. इथे गूगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी यंत्र वापरलं ते रोग ओळखायला नाही, तर या आठवड्यात कुणाकुणाला फोन केला तर उपयोग होईल हे सुचवायला. तेवीस हजार बायकांवर करून पाहिलं, तेव्हा ऐकणं सोडण्याचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालं. यादी यंत्राची, फोन माणसाचा. फोन बहुधा घरात एकच असतो आणि तो नवरा कामावर घेऊन जातो. 'ताई, संध्याकाळी सातनंतर करा' हे यादीत येत नाही, फोन करणारीलाच ते ऐकू येतं. किती जणींना फोन करता येईल हे इथे आधीच मान्य केलेलं आहे, आणि त्या मर्यादेत निवड नीट व्हावी एवढंच यंत्राकडे मागितलेलं आहे.

क्षयाच्या आकड्याकडे परत येतो, कारण तिथली एक गोष्ट मला सलते. रेघेच्या वरच्या चुका उघड होतात. आकडा ८० आला, बेडका तपासला, जंतू नाही. चूक वहीत चढली. रेघेखालची चूक वहीत चढतच नाही. तिचा बेडका कुणी मागितलेला नसतो. ती घरी जाते, मुलांना जेवायला वाढते, आणि वर्षभराने दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच कुणाच्या तरी आकड्यांत रोगी म्हणून येते. मोहिमेच्या अहवालात यंत्र अचूक ठरतं, ते अशा वेळी निम्मं तरी आपण न बघितल्यामुळे.

यावर उपाय नाही असं नाही. रेघेखालच्या माणसांतले थोडे, चिठ्ठ्या टाकून निवडावेत, आणि त्यांचाही बेडका तपासावा. किती सुटतात ते कळेल, आणि रेघ खाली घ्यायची की वर, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. आणि फोटोच्या कागदावर आकड्याखाली एक ओळ छापावी: आज या शिबिराची रेघ अमुक, सॉफ्टवेअरची आवृत्ती अमुक, ठरवणाऱ्याचं पद अमुक. खोकला थांबत नसेल तर आकडा काहीही असो, बेडका द्यायला परत या, हेही मोठ्या अक्षरांत. आशाताईला तो कागद दाखवून भांडता तरी येईल.

असं कुणी जिल्ह्याच्या बैठकीत सुचवलं तर पहिला प्रश्न कोणता येईल हे मला माहीत आहे. ज्यांच्यावर संशयच नाही त्यांच्या चिपांचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा? 'किरकोळ'खाली टाका, साहेब. चहा-बिस्किटांचा टाकतोच की आपण.