नट नसलेले बरे

गटात नवा माणूस आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मॅडम, मला अभिनय येत नाही हं.’ ऐकून मला हायसं वाटतं. एकांकिका स्पर्धा गाजवलेला एक तरुण एकदा असा रडला, की सगळा गट हेलावला. त्याचे डोळे मात्र पाच मिनिटांत कोरडे. बहुधा टाळीची वाट पाहत होता.

गंमत अशी, की सायकोड्रामाची, म्हणजे गटात प्रसंग वठवून करायच्या मानसोपचाराची, सर्वांत गाजलेली जुनी गोष्ट एका कसलेल्या नटीचीच आहे. व्हिएन्नातल्या जेकब मोरेनो या डॉक्टरने १ एप्रिल १९२१ रोजी रंगमंचावर रिकामं सिंहासन मांडलं आणि प्रेक्षकांना म्हटलं, या, राजा व्हा. प्रयोग साफ पडला. मग त्याने संहितेवाचून नाटकं करणारी मंडळी जमवली. त्यातली बार्बरा रंगमंचावर सोज्वळ, घरी मात्र नवऱ्याशी भांडताना बेभान व्हायची. मोरेनोने तिला शिवराळ, बाजारू बायकांच्या भूमिका दिल्या. घरी भांडण पेटलं, की तिला त्या भूमिका आठवून हसू यायला लागलं. पुढे नवराही रंगमंचावर तिच्यासमोर उभा राहू लागला. काही वर्षांनी दोघं विभक्त झाले. व्याख्यानांत हा भाग सहसा गाळतात.

साचलेलं ओकून टाकलं की मन मोकळं होतं, हे मला अर्धंच पटतं. माझा भरवसा आहे तो जागांच्या अदलाबदलीवर.

एक निवृत्त गृहस्थ होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). जमिनीच्या वाटणीवरून गावाकडच्या धाकट्या भावाशी अबोला. समोर रिकामी खुर्ची ठेवली. वीस मिनिटं ते तिच्यावर ओरडले. शब्द न् शब्द घोकलेला. मग मी म्हटलं, आता तिकडे बसा. तुम्ही धाकटे. गटातल्या एकाने ‘दादा’ होऊन त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवली. ते गप्प. हात आपसूक गुडघे चोळू लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘दादा, तुझा फोन दर रविवारी यायचा. आईला अंघोळ रोज घालावी लागायची.’

हे वाक्य भावाने कधीच उच्चारलं नव्हतं.

अशा वेळी घाई नडते. आधी माणसाला त्या खुर्चीतून उठवायचं, स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायला लावायचं. ‘दादा’ झालेल्यालाही तसंच. नाहीतर दुसऱ्याचं सोंग अंगावर घेऊन माणूस घरी जातो. नंतर गट बोलतो, पण सल्ला द्यायला बंदी. ज्याने त्याने स्वतःचं सांगायचं. आपल्याकडे हा नियम पाळून घेणं सर्वांत अवघड. सल्ला गिळताना लोकांना अक्षरशः घाम फुटतो.

त्या गृहस्थांचा जमिनीचा दावा अजून कोर्टात आहे. परवा ते विचारत होते, ‘पुढच्या वेळी कुणी वकील होईल का? तारखेला भाऊ समोर असेल. त्याच्याकडे बघायचं कसं, तेवढं एकदा करून बघतो.’