सीडी आपलीच, मग चालत का नाही?



शाळेतल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा एकदा उघडून बघा. जुन्या संगणकांसोबत आलेल्या सीडी तिथे हमखास सापडतील. माझ्याही कपाटात होत्या. एका पालकांनी घरचा जुना संगणक वर्गाला दिला, पण हार्डडिस्क कोरी करून. म्हटलं, विंडोजची सीडी आपल्याकडे आहेच, घालू आणि मोकळे होऊ!

सीडी घातली, तर पडद्यावर संदेश आला : ही सीडी या संगणकासाठी नाही. चौथीची मुलं भोवती उभीच होती. एकीने विचारलं, "बाई, सीडी आपलीच आहे ना? मग चालत का नाही?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी पीएमपीच्या पासचं उदाहरण दिलं. पास तुझा, पैसे तुझ्या बाबांनी भरलेले. तरी त्यावर तुझा भाऊ प्रवास करू शकतो का? नाही, कारण पासावर फोटो तुझा. तसंच हे. संगणकासोबत येणाऱ्या विंडोजचा परवाना त्याच एका यंत्राला बांधलेला असतो. ते यंत्र भंगारात गेलं की परवानाही संपला. वेगळी विकत घेतलेली प्रत मात्र जुन्या संगणकावरून काढून नव्यावर टाकता येते. आणि 'फोटो' कुठे असतो? मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये. कंपनीची सीडी तिथे आपली खूण शोधते, नाही सापडली की थांबते.

ओळखीतले एक जण म्हणाले, "मॅडम, दुसरी की टाकून देतो, कोण बघतंय?" बघत होती ना, चौथीची मुलं! परीक्षेत कॉपी करू नका, असं रोज त्यांना सांगणारी मीच. नको म्हटलं.

मग त्या संगणकाचा कॅबिनेट पुसून पाहिला. मागे विंडोज 7 चं स्टिकर होतं, म्हणजे त्याचा स्वतःचा परवाना होता. पण विंडोज 7 ची सुरक्षा दुरुस्ती 14 जानेवारी 2020 लाच बंद झाली. मुलांना त्यावर इंटरनेट देणं बरं नव्हे. शेवटी बॉस लिनक्स टाकलं. ज्या सी-डॅकने ते तयार केलं, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. ते मराठीतही चालतं आणि एकाच डीव्हीडीवरून हव्या तेवढ्या संगणकांवर टाकायला परवानगी आहे.

"म्हणजे हा पास सगळ्यांचा?" तीच मुलगी म्हणाली. हो गं, अगदी बरोबर.

पालकहो, एक विनंती. शाळेला संगणक देताना त्याचं स्टिकर खरवडू नका आणि त्याची सीडी त्याच्यासोबतच द्या. आणि शिक्षकहो, कपाटातल्या प्रत्येक सीडीवर ती कोणत्या संगणकाची, हे आजच मार्करने लिहून ठेवा.